दुधी चालतो, बीट चालत नाही

माझ्या सासऱ्यांवर हत्यारं विकल्याचा पहिला आरोप झाला तेव्हा ते ताक पीत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि आलेली सूचना मराठीत समजावून सांगितली. दुकानाच्या पानावर आपण टाकलेला फोटो त्या ॲपवाल्यांनी काढून टाकलाय, कारण आपण लोकांना हत्यार विकतोय. त्यांनी ताक संपवलं, मिशा पुसल्या आणि विचारलं, "तक्रार कोणी केली? नारळाने?"

फोटो विळीचा होता. शिसवी पाट, छान वळणदार पातं, टोकाला नारळाची खवणी. खाली मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'एका घावात दोन तुकडे.' हे वाक्य वाचून भाजीचा विचार करणारं यंत्र अजून निघालेलं नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

सासरे विळ्या करायचे. शनिवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी दहा बाय बाराची भाड्याची जागा. पुढे फळीवर विळ्या, अडकित्ते, सुऱ्या, मागे भट्टी आणि ऐरण. भात्याच्या जागी विजेचा पंखा आला, एवढीच त्या दुकानात पन्नास वर्षांत झालेली सुधारणा. आम्ही राहायचो नारायण पेठेत, चालत दहा मिनिटांवर. सासरे सकाळी नऊला जात आणि संध्याकाळी भट्टीचा वास घेऊन परत येत. "काका, ही विळी किती वर्षं टिकेल?" असं एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं तर ते त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "तुमच्यापुरती टिकेल."

धंद्यात खोट असेल तर हीच. विळी टिकते. आईची लेकीला जाते, लेकीची नातीला, आणि मधल्या काळात विळीवाल्याने काय करायचं हे कोणी ठरवलेलं नसतं. त्यात घरोघरी ओटे झाले, मिक्सर आले, चिरायच्या फळ्या आल्या आणि माणसांचे गुडघे गेले. खोटं कशाला बोलू, मी स्वतः हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते आणि घरी ओट्याशी उभी राहून सुरीने कांदा चिरत होते. सासऱ्यांनी मला त्यावरून कधी बोल लावला नाही. फक्त मी चिरलेला कांदा ताटात आला की ते एकेक तुकडा उचलून उजेडात धरून बघत.

त्या वर्षी गुढीपाडव्याला जागेचा मालक घरी आला. माणूस सज्जन. त्याला जागा हवी होती, पण सासऱ्यांना 'निघा' म्हणायला त्याची जीभ रेटेना. तो तासभर उन्हाळ्यावर बोलत बसला. शेवटी सासऱ्यांनीच त्याची सुटका केली. म्हणाले, "हे बघा, दसरा ते दिवाळीचा पाडवा हा आमचा हंगाम. यंदा त्या दिवसांत रोज एक विळी गेली तर मी राहतो. नाही गेली तर पाडव्याला किल्ली तुमच्या हातात." मालक इतका खूश झाला की त्याने श्रीखंड दोनदा घेतलं. आमच्या घरात मात्र कोणाला श्रीखंड गोड लागलं नाही, कारण सासऱ्यांनी दिलेला शब्द मोडल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. भट्टी विझली तर हे दिवसभर करणार काय, हा प्रश्न सासूबाईंच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. तेव्हा रोज एकसुद्धा जात नव्हती. आठवड्याला दोन गेल्या तर बरा आठवडा.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानाचं पान उघडलं. पेठेतली माणसं विळी घेईनात, तर बाणेरची घेतील, बंगळुरूची घेतील, परदेशातल्या लेकी-सुना घेतील, असा माझा हिशोब होता. आणि तो खराही ठरला असता, पण वर सांगितलेला नारळाचा प्रकार पहिल्याच आठवड्यात झाला.

दोष शोधणं हे माझं पोट भरायचं साधन. त्यामुळे मी हे प्रकरण ऑफिसातल्या कामासारखंच हाताळायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. 'घाव' शब्द काढून 'धार' लिहिला. फोटो परत उडाला. 'धार' काढला. उडाला. 'कोयता' तर मी मुळात लिहिलाच नव्हता, कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या टोळ्यांमुळे त्या दिवसांत शहरात तो शब्द उच्चारला तरी लोक मागे वळून बघत. शेवटी ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या पोराला दाखवलं. तो अशा गोष्टींत मुरलेला.

"मॅडम, तुमचं पेज ऑलरेडी फ्लॅग झालंय," तो म्हणाला. "त्या सिस्टीमला विळी काय माहीत? तिला ब्लेड दिसतं. ब्लेड दाखवूच नका ना."

"अरे, पातं न दाखवता विळी कशी विकू?"

"आउटपुट दाखवा, मॅडम."

आउटपुट म्हणजे चिरलेली भाजी. आमच्या घरात त्याची काही कमतरता नव्हती. सासूबाई विळीवर बसल्या की कोबीचा असा बारीक कीस पाडत की तो हातात घेतला तर वजन लागत नसे. मी फोटो काढू लागले. ताटभर कोबी, सुपात गवार, मागे पाटाची नुसती कड. खाली लिहायचं, 'आमच्या विळीवर चिरलेली.' पान टिकलं. दोन आठवडे टिकलं, महिना टिकला. सासऱ्यांनी एकदा ते बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, मी भाजीवाला कधी झालो तेवढं सांगून ठेव. कोणी विचारलं तर उत्तर द्यायला हवं."

मग बिटाची कोशिंबीर आली. रविवार होता, सासूबाई बीट चिरत होत्या, ऊन त्या लाल कापांवर पडलं होतं. मला मोह झाला. फोटोत त्यांची लाल झालेली बोटंही आली. पंधरा मिनिटांत सूचना आली की हे दृश्य रक्तपाताचं असून दुर्बळ मनाच्या लोकांना त्रासदायक आहे, सबब पंधरा दिवस पानावर काही टाकता येणार नाही. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "अगं, दाण्याचं कूट घातल्यावर काढायला हवा होतास," म्हणाल्या.

बंदी उठल्यावर मी कानाला खडा लावला. बीट नाही, टोमॅटो नाही, कलिंगड तर नाहीच नाही. दुधी चालतो. पडवळ चालतं. कोबी, गवार, फरसबी, सगळ्या गरीब भाज्या. आणि चिरलेली भाजी टाकून थोडीच देता येते! श्रावणभर आमच्या घरचा स्वयंपाक त्या ॲपच्या नियमांनी चालला. माझा नवरा, जो लग्नात पंगतीला वाढलेला दुधी हलवासुद्धा बाजूला सारतो, तो रोज डबा उघडून फोन करायचा. "आज पण?"

"आज पण," मी सांगायची. "बाबांच्या दुकानासाठी एवढं कर."

सुरुवातीला मी पानावर दुकानाचा फोन नंबरही दिला होता. तो लवकरच काढावा लागला. एका बाईंनी फोन करून विचारलं, फोटोत दिसतो तसाच पाट येईल ना? सासरे म्हणाले, "नाही. फोटो पातळ असतो." दुसऱ्या एकाने विचारलं, बोट कापणार नाही अशी विळी आहे का? त्याला उत्तर मिळालं, "आहे. ती भाजीही कापत नाही." त्या गृहस्थाने रागाच्या भरात पानाविरुद्ध तक्रार ठोकली. ऑफिसातला पोरगा म्हणाला, अशा पाच-सहा तक्रारी जमल्या तर पान कायमचं जाईल. मी नंबर काढला, सगळं बोलणं संदेशांतून ठेवलं आणि उत्तरं मी स्वतः द्यायला लागले. सासऱ्यांचं गिऱ्हाइकांशी बोलणं बंद झालं तशा मागण्या वाढल्या, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

पण वाढल्या, हे खरं. भाद्रपदात आठवड्याला चार जायला लागल्या, नवरात्र बसलं तेव्हा पाच-सहा. लोकांना ती बारीक चिरलेली गवार बघून आई आठवायची, आजी आठवायची, मग ते लाजत लाजत विचारायचे की ही विळी कुठे मिळते. एकाने पाव किलो गवार चिरून मिळेल का असंही विचारलं. सासरे चेहऱ्यावरून काही कळू देत नसत. फक्त त्यांनी कोळशाची दोन पोती जास्तीची आणून ठेवली आणि पाटांसाठी लाकूड बघायला खडकवासल्याच्या बाजूला एका सुताराकडे जाऊन आले. मी रात्री नवऱ्याला म्हटलं, "जमतंय रे." तो म्हणाला, "मग आता भेंडी टाकून बघ ना."

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टी पेटत नाही. दुकान धुऊन काढतात, ऐरणीवर नवं कापड घालतात आणि तिच्यापुढे सगळी अवजारं ओळीने मांडतात. हातोडे, सांडश्या, कानशी, तयार विळ्या, सुऱ्या, अडकित्ते, आजेसासऱ्यांच्या वेळचे दोन कोयते. प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटं, झेंडूची माळ. मी इतकी वर्षं ऑफिसला जात असल्याने ही पूजा नीट बघितली नव्हती. त्या वर्षी सुटी काढून गेले. सासरे धुतलेला सदरा घालून ऐरणीपुढे मांडी घालून बसले होते. त्यांनी एकेका हत्याराला बोट लावलं, आणि शेवटी ऐरणीवर कपाळ टेकलं, ते बराच वेळ उचललं नाही. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटतं ते रडत होते, पण आमच्या घरात असं काही कोणी विचारत नाही.

मी फोटो काढला आणि पानावर टाकला. खाली लिहिलं, 'आमची शस्त्रपूजा.'

घाईत नियम विसरले, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. विसरले नव्हते. सहा महिने मी त्या माणसाच्या हातचं पातं जगापासून लपवून त्याच्या नावावर दुधी दाखवत होते, आणि त्या क्षणी मला त्याची लाज वाटली. एकदा, एकच दिवस, लोकांनी खरं काय ते बघावं असं वाटलं. शिवाय सण होता. सणाला कोण हरकत घेणार?

पंचवीस पाती ओळीने मांडलेली, त्यांच्यावर लाल ठिपके, पुढे जमिनीवर वाकलेला एक माणूस. माझ्यातल्या टेस्टरला हे दिसायला हवं होतं. नैवेद्य दाखवून होईपर्यंत पान गेलं. फोटो नव्हे, अख्खं पान. कारण दिलं होतं, 'धोकादायक व्यक्ती आणि संघटना.' व्यक्ती म्हणजे सासरे. संघटना म्हणजे बहुधा हातात प्रसादाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई.

दाद मागायची सोय होती. आधी पानाच्या मालकाने आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचं, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यात बघून मान डावीकडे, उजवीकडे आणि वर करायची. सासऱ्यांनी त्यासाठी कोट घातला.

"बाबा, आता डावीकडे बघा."

"कोण आलंय?"

"कोणी नाही. नुसतं बघायचं."

त्यांनी कमरेपासून सगळं अंगच डावीकडे वळवलं. फोन म्हणाला, चेहरा सापडला नाही. चार वेळा केलं, चारही वेळा सापडला नाही. पाचव्या वेळी सासूबाईंनी मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं आणि यंत्राची खात्री पटली. मग मी अर्ज लिहिला. विळी म्हणजे काय, ती बसून कशी वापरतात, खंडेनवमी म्हणजे काय, झेंडू म्हणजे काय. तासभर लिहीत होते. अर्ज पाठवला आणि पाण्याचा पेला उचलला, तोवर उत्तर आलं, की तुमच्या म्हणण्याचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला असून निर्णय कायम आहे.

"एवढ्यात?" सासरे म्हणाले. "नाही म्हणायला सरकारी ऑफिसातसुद्धा दोन दिवस घेतात हो."

त्यानंतर मी जे केलं ते कोणी करू नये. दुसरं पान उघडलं. ते त्याच संध्याकाळी गेलं, जाताना माझं स्वतःचं खातंही घेऊन गेलं. मग नवऱ्याच्या नंबरवरून उघडलं. नवऱ्याचं खातं गेलं, त्यात त्याचे कॉलेजपासूनचे सगळे फोटो होते. शेवटी मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी फोन पदराखाली घेतला. "माझा भजनाचा ग्रुप आहे त्यात," म्हणाल्या, "मेले तरी देणार नाही." दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरात त्यांच्याशिवाय कोणाचंही खातं जिवंत नव्हतं. जेवताना सगळे एकमेकांशी बोलत होते. मला ते असह्य झालं.

मी रोज दाद मागत राहिले, रोज नकार येत राहिला. दसरा ते पाडवा एकवीस दिवस होते. सासरे रोज नऊला जात, भट्टी पेटवत, फळीसमोर बसत. पेठेतलं कोणी धार लावायला यायचं, कोणी अडकित्ता न्यायचं. त्या एकवीस दिवसांत चार विळ्या गेल्या. मी त्यांची माफी मागायला दुकानात गेले तेव्हा ते म्हणाले, "फोटो चांगला आला होता. मला दाखवलास तेवढा पुरे."

पाडव्याला त्यांनी भट्टीला हळदकुंकू वाहिलं, पंखा बंद केला आणि निखारे आपोआप विझेपर्यंत बसून राहिले. मालक किल्ली घ्यायला तयार नव्हता. सासऱ्यांनी ती त्याच्या खिशात घातली. ऐरण आमच्या जिन्याखाली येऊन बसली. मार्गशीर्षात त्या जागेत चहाचं दुकान निघालं.

पौषात, एका शनिवारी दुपारी, फोन वाजला. 'आम्ही पुन्हा तपासणी केली. आपलं पान नियमभंग करत नाही असं आढळलं. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' पान जसंच्या तसं परत आलं होतं, त्याबरोबर माझं खातंही. दुधी, पडवळ, कोबी, सगळे जागच्या जागी. आणि आत न वाचलेले संदेश होते. ज्यांनी आमच्याशी पूर्वी कधी ना कधी बोलणं केलं होतं, त्यांचे निरोप बंदीच्या काळातही येऊन पडत होते. फक्त आम्हाला आत जाता येत नव्हतं. मी तारखा बघितल्या. दसरा ते पाडवा, एकतीस माणसांनी विळी मागितली होती.

सांगावं की न सांगावं यात माझी दुपार गेली. शेवटी सांगितलं. एकेक संदेश वाचून दाखवला. सासरे आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. माझा नवरा म्हणाला, "बाबा, दुसरी जागा बघू या का?"

"शब्द पाडव्यापर्यंतचा होता," ते म्हणाले. "पाडवा झाला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लोकांनी विचारलंय. उत्तर द्यायला हवं."

मी एक मजकूर तयार केला: 'काकांनी आता काम थांबवलं आहे, क्षमस्व.' तो तिघांना चिकटवला. चौथ्याला चिकटवताच पडद्यावर इशारा आला. आपण अनेकांना एकसारखे संदेश पाठवत आहात, असंच चालू ठेवल्यास खातं बंद करण्यात येईल. मी तो मोठ्याने वाचला. आता बंद झालं तरी काय जाणार होतं? पण सासऱ्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मग वेगवेगळं लिही," ते म्हणाले. "त्यांनी कुठे एकसारखं विचारलंय?"

आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसलो. ते सांगत होते, मी लिहीत होते. बाणेरच्या बाईंना, भट्टी बंद झाली. बंगळुरूच्या मुलाला, तुझ्या आईची जुनी विळी असेल तर पाठव, कानशीने धार लावून देतो. एका आजोबांना, वय झालं, तुमचंही आणि माझंही. एकच गोष्ट सांगायची होती आणि ती दर वेळी नवीन शब्दांत सांगायची होती. विसाव्या माणसापर्यंत त्यांचा आवाज खाली गेला. पंचविसाव्याला ते पाणी प्यायला उठले आणि बऱ्याच वेळाने आले.

शेवटची एक मुलगी होती. तिचं लग्न ठरलं होतं, सासरी जाताना न्यायला विळी हवी होती, आणि दिवाळीच्या दिवसांत तिने तीनदा विचारलं होतं. माझ्याकडचे सगळे शब्द संपले होते.

"हिला काय लिहू, बाबा?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना झोप लागली.

"लिही," ते म्हणाले, "रोज एकापेक्षा जास्त जात होत्या. आम्हाला कळलं नाही."

मी तसंच लिहिलं आणि पाठवलं.